हुकमाची हार

ताईसाहेबांनी तिसऱ्यांदा पाडलं तेव्हा माझ्या तोंडात माती गेली.

लातूरच्या मुलींच्या शाळेचं अंगण. शारदोत्सव. चारी बाजूंनी कनाती बांधलेल्या. समोर शाळेतल्या मुली, त्यांच्यामागे त्यांच्या आया, आणि एका कडेला खुर्च्यांवर शाळा-कमिटीचे तिघे पुरुष. मधल्या खुर्चीवर रावसाहेब. कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, तेच, शाळेची जागा त्यांची, इमारतही त्यांची.

मी त्या शाळेत नऊ वर्षं इंग्रजी आणि ड्रिल शिकवत होते. वय अडतीस. विधवा होऊन सात वर्षं झालेली. ताईसाहेब म्हणजे रावसाहेबांची पुतणी. वय बावीस. पुण्याहून व्यायामाचा कोर्स करून नुकत्याच परतल्या होत्या. तिथे त्या जुजुत्सु शिकल्या. जपानी विद्या. ती आज दाखवायची होती. दाखवायला कुणीतरी पडणारं माणूस लागतं.

"बाई, या जरा," रावसाहेब म्हणाले. "तुम्हीच या. ड्रिलच्या बाई ना तुम्ही?"

मी गेले. पहिल्यांदा ताईसाहेबांनी मला हळू पाडलं. दुसऱ्यांदाही सांभाळूनच. रावसाहेब हसले.

"अगं, हे काय लाडेलाडे? नीट आपट. बाई काय काचेच्या आहेत का?"

बायका हसल्या. मुली हसल्या. ताईसाहेबांनी मला नीट आपटलं.

मी उठून उभी राहिले तेव्हा रावसाहेब प्रसादाच्या ताटाकडे गेले. मूठभर रेवड्या घेऊन आले. तुम्हाला हे सांगायला हवं, मुलांनो, कारण तुम्ही जत्रेतल्या कुस्त्या पाहिलेल्या नाहीत. आमच्याकडे मोठ्या कुस्त्यांच्या आधी सात-आठ वर्षांच्या पोरांच्या कुस्त्या लावतात. जिंको की हरो, दोघांच्या हातावर रेवड्या ठेवतात. रेवडीची कुस्ती म्हणतात तिला. लोक ती हसायला बघतात.

"पदर पसरा, बाई. तुमचं बक्षीस."

मी पदर पसरला. कुणी माझा हात धरला नव्हता. मीच पसरला. हे मला नेमकं लिहायचं आहे.

"वय झालं म्हणायचं," रावसाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "यापुढे ड्रिल ताईसाहेब घेतील. बाई इंग्रजी शिकवतील. झेपेल तोवर."

दुसऱ्या रांगेत तुमची आई बसली होती. अकरा वर्षांची. ती स्वतःच्या पायांच्या बोटांकडे बघत होती.

तुम्हाला वाटेल, मला संताप आला असेल. नाही आला. मला काही वाटलं नाही. घरी आले. रेवड्या डब्यात टाकल्या. भाकरी केल्या. वह्या तपासल्या, एकही चूक सोडली नाही. तुमचे आजोबा गेले त्या वर्षापासून माझं असंच होतं. काम बिनचूक. आत काही नाही.

आता क्रमाने सांगते.

तुमच्यातल्या मोठीने पत्रात लिहिलंय की चाळिशी गाठताना तिने तिकडे जुजुत्सु सुरू केली, ब्राझीलमध्ये घडलेली तऱ्हा. तिच्याहून निम्म्या वयाच्या मुली तिला खाली दाबून ठेवतात. पहिल्याच स्पर्धेत ती हरली. तिने विचारलंय, आजी, या वयात हे सोडून द्यावं का? मी सल्ला देणार नाही. माझ्यावर काय गुदरलं ते लिहिते. निजामाची शेवटची वर्षं होती ती.

शारदोत्सवानंतर महिनाभर मी इंग्रजी शिकवलं. अंगणात ताईसाहेब ड्रिल घेत. खिडकीतून त्यांचा आवाज येई. मग एक दिवस मी मुंबईच्या पुस्तकवाल्याला कार्ड टाकलं आणि जुजुत्सुचं इंग्रजी पुस्तक मागवलं. का मागवलं, सांगता येत नाही. ज्याने मला पाडलं ते काय आहे, एवढं वाचावं असं वाटलं असेल. मला वाचता येत होतं. तेवढंच येत होतं.

पुस्तकात चित्रं होती. मिशांचे दोन गोरे एकमेकांना धरून उभे, मग एक खाली, मग दुसरा. मी डिक्शनरी घेऊन ते शेवटपर्यंत वाचलं. मग दार लावून अंथरुणाची वळकटी बांधली आणि तिच्यावर डाव करून पाहिले. वळकटीला हात नसतात. तुमची आई कोपऱ्यात बसून म्हणाली, "आई, ती हरली का?" बऱ्याच दिवसांनी ती माझ्याशी आपणहून बोलली होती.

गंजाच्या, म्हणजे बाजारपेठेच्या, मागे एका उस्तादांची तालीम होती. बंद पडलेली. उस्ताद साठीचे. एके काळी त्यांचं नाव उदगीरपासून नांदेडपर्यंत होतं. मग कंबर मोडली. त्यांची नात माझ्या वर्गात होती. तेव्हा शाळेची सुट्टी शुक्रवारी असे. एका शुक्रवारी सकाळी मी पुस्तक पदराखाली घेऊन त्यांच्या दारात गेले.

"औरतां कू नहीं सिखाता मैं," उस्ताद म्हणाले.

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. त्यांना सगळे बडी अम्मा म्हणत. "काय कू नहीं? मेरेकू तो चालीस साल से पटक रहें. खाली ज़बान से!"

उस्ताद भिंतीकडे वळले. मग म्हणाले, "मैं अंदर नहीं आता. मैं देखता भी नहीं."

अशी आमची शिकवणी ठरली. तालमीच्या आखाड्यात मी आणि बडी अम्मा. त्या पन्नाशीच्या, वजनाने माझ्या दीडपट. दोघींनी लुगड्याचे काचे मारलेले, वर मांजरपाटाच्या जाड बंड्या, धरायला बाह्या हव्यात म्हणून. उस्ताद दाराबाहेर, भिंतीकडे तोंड करून बसलेले. मी पुस्तकातलं वाचून दाखवायची, आमच्या धेडगुजरी दखनीत. मग आम्ही दोघी ते करायचो. आणि उस्ताद नुसतं ऐकून चूक सांगायचे.

"दम रोकी. दम नक्को रोक."

किंवा, "पाँव की आवाज आई. पाँव घसीट, उठा नक्को."

आमच्या श्वासांवरून त्यांना कळायचं कोण वर आहे. चाळीस वर्षं मातीत काढलेल्या माणसाचे कान ते. दीड वर्षात त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

शरीर मात्र अडतीस वर्षांचं होतं. ते लपत नाही. बोटांची पेरं सुजायची, फळ्यावर लिहिताना खडू निसटायचा. उजवा गुडघा दर पावसाळ्यात फुगायचा. सकाळी जमिनीवरून उठताना आधी कुशीवर, मग हातावर, मग भिंतीला धरून. बडी अम्मा तिळाचं तेल कोमट करून ठेवायच्या आणि माझी पाठ रगडताना म्हणायच्या, "हड्डियाँ तो बूढ़ी हो गईं ना बाई, अक्कल कब होगी?"

दुखायचं. पण लिहून ठेवते की सात वर्षांत मला नीट जाणवलेली ती पहिली गोष्ट होती.

भांडण एकाच गोष्टीवरून झालं. पुस्तकात एक मोठं प्रकरण होतं, पाठीवर पडून लढायचं. दोन्ही पाय वरच्याच्या कमरेभोवती घालायचे, त्याचा एक हात पकडायचा, ढुंगण उचलून पाय त्याच्या तोंडावरून टाकायचा आणि त्याचा हात दोन मांड्यांत धरून ताणायचा. कोपर उलटं वाकायला लागतं. दुसऱ्याने जमिनीवर थाप मारली की शरण आला. थाप ऐकली की त्याच क्षणी सोडायचं.

मी हे वाचून दाखवलं. उस्ताद बाहेर थुंकले.

"पीठ लगी तो ख़तम. हमारे बाप-दादे सब यहीच बोले."

"यात लिहिलंय की पाठ लागली तर खेळ सुरू होतो."

"लिखनेवाला मिट्टी में कब्भी उतरा था?"

तीन शुक्रवार ते प्रकरण बंद राहिलं. पण उभ्याउभ्याने मी बडी अम्मांनाही पाडू शकत नव्हते. गुडघा साथ देईना. चौथ्या शुक्रवारी उस्ताद स्वतःच म्हणाले, "खड़े-खड़े तू जवान लड़की से हारेगी. ये तो पक्का. अच्छा, जा नीचे. देखें तेरी किताब."

मी पाठ टेकली. बडी अम्मा माझ्या छातीवर हात रोवून आल्या. मी तो हात धरला, पाय टाकला, ताणलं. त्या किंचाळल्या आणि मातीवर थापा मारायला लागल्या. दाराबाहेर उस्ताद खोकल्यासारखं करत होते. नंतर कळलं, ते हसत होते.

त्याच दिवशी चहा पिताना ते भिंतीकडे बघत बोलले. एका जत्रेत जहागीरदाराच्या पहिलवानासमोर त्यांची शेवटची कुस्ती लागली होती. आदल्या दिवशी निरोप आला. पाठ लाव. उस्तादांनी लावली. आमच्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात, आधी ठरवून हरलेली. लोकांना कळलं नाही. जहागीरदाराने फेटा दिला.

"कमर तो बाद में टूटी," ते म्हणाले. "उससे कुछ नहीं हुआ."

मी ऐकून घेतलं.

दीड वर्षाने हैदराबादहून मुलींच्या शाळांच्या इन्स्पेक्ट्रेस आल्या. नांदेडला शिक्षिकांसाठी व्यायामाचा वर्ग निघणार होता. तो चालवायला एक बाई निवडायची. त्यासाठी नांदेडला मेळावा, लेझीम, लाठी, आणि शेवटी जुजुत्सुचा सामना. आमच्या भागात जुजुत्सु येणाऱ्या दोघीच होत्या. एक ताईसाहेब. दुसरी मी आहे हे शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. मी नाव दिलं तेव्हा कळलं.

इन्स्पेक्ट्रेसबाईंनी मला बोलावून इंग्रजीत विचारलं, नियम कुणाला माहीत आहेत? मी कागदावर लिहून दिले. पाठ टेकली तरी खेळ चालू. थाप मारली की हार. बाकी काही नाही.

चार दिवसांनी रावसाहेबांचा कारकून घरी आला. ओट्यावर टेकला. पाणी प्यायला.

"बाई, रावसाहेबांचा निरोप हाय. नांदेडात तुम्ही खेळा, कुणाची ना न्हाई. लोकांना बी गंमत. पण पाठ टेकवायची. जास्ती ताणायचं न्हाई."

"आणि नाही टेकवली तर?"

"आता ते मी कसं सांगू?" तो डोकं खाजवत म्हणाला. "टेकवली तर इंग्रजीची जागा कायम. पोरीची फी माफ. न्हाई तर कामावरनं काढायचा कागद तयार करायलेत म्हणे. बाई, तुम्ही लई शिकलेल्या. ताईसाहेबांच्या वयाला तुम्ही आईसारख्या. आईनं लेकराकडून हरावं, त्यात काय लाज?"

"ऐकलं," मी म्हटलं.

एवढंच म्हटलं. हो म्हटलं नाही. नाही म्हणायचीही हिंमत नव्हती. त्या दिवशी मी भाकरी थापताना हिशेबाने विचार करत होते. नोकरी गेली तर माझ्या हातात काय? तुमच्या आईची शाळा. भाड्याची खोली. विधवेला नोकरी देणारी दुसरी शाळा लातुरात नव्हती. आणि टेकवली तर? काय जाईल? काही नाही. मला तसंही काही वाटत नव्हतं.

उस्तादांना मी हे सांगितलं नाही.

नांदेडला मोटारीने गेले. लढाईचे दिवस, पेट्रोल नाही, मोटार कोळशाच्या धुरावर चालायची. अहमदपूरच्या चढावर सगळ्यांना उतरून ढकलावं लागलं. तुमच्या आईला बडी अम्मांकडे ठेवलं होतं. निघताना तिने विचारलं, "आई, तू जिंकशील का?" मी म्हटलं, "अभ्यास कर."

मेळावा गोदावरीकडच्या एका मोठ्या वाड्याच्या पटांगणात होता. कनाती, बायकांची गर्दी, पुढे खुर्च्या, त्यांत रावसाहेबही. पोत्यांत भुसा भरून त्यावर सतरंज्या अंथरल्या होत्या. पंच म्हणून कचेरीतले एक जमादार होते. जुने पहिलवान. गळ्यात शिट्टी. इन्स्पेक्ट्रेसबाईंनी त्यांना माझा कागद उर्दूत वाचून दाखवला. त्यांनी दर वाक्याला मान डोलावली. "जी. जी. बराबर."

ताईसाहेब समोर आल्या. पांढरा सदरा, पांढरी सलवार. उंच, सरळ. मी काचा मारलेली, बंडी घातलेली, गुडघ्याला पट्टी. कुणीतरी मागून म्हणालं, "अगं बया, ही तर सासू!" हशा पिकला. ताईसाहेब हसल्या नाहीत. त्यांनी मला नमस्कार केला. मला वाटतं, निरोप त्यांनाही ठाऊक होता.

शिट्टी झाली.

त्यांनी माझ्या बाह्या धरल्या आणि लगेच ओढायला लागल्या. किती जोर होता त्या हातांत! दोनदा मी पडता पडता वाचले. धाप लागली. गुडघ्यातून कळ गेली. उभी राहिले तर मिनिटभरात आपटणार हे मला दिसत होतं.

मी खरं लिहिते. त्या क्षणी मी रावसाहेबांचा विचार केला नाही, उस्तादांचाही केला नाही. दम रोकू नको, एवढंच डोक्यात होतं. मी त्यांची बाही घट्ट धरली, खाली बसले आणि पाठ टेकली.

शिट्टी वाजली. पंच ओरडले, "चीत! चीत!" बायकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पण ताईसाहेब थांबल्या नाहीत. त्यांना नियम माहीत होते. त्या माझ्यावर आल्या, उजवा हात माझ्या छातीवर रोवला. मी तो मनगटाशी धरला. पाय टाकला. ताणलं.

त्यांचा श्वास अडकला. मला ऐकू आला. मग त्यांनी डाव्या हाताने सतरंजीवर थाप मारली. एक, दोन, तीन.

मी सोडलं. लगेच सोडलं.

टाळ्या चालू होत्या. पंचांनी ताईसाहेबांना दंड धरून उठवलं आणि त्यांचा हात वर केला. ज्या हाताला मी ताणलं होतं तोच. त्यांचा चेहरा पांढरा झाला होता. मी खालून बघत होते.

पंच लबाड नव्हते. हे मला आजही लिहायचं आहे. त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट पाहिली होती, पाठ मातीला लागली की संपलं. कागदाला त्यांनी मान डोलावली आणि डोळ्यांनी जे ओळखलं त्यावर शिट्टी मारली. थापेकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. थापेला त्यांच्या खेळात अर्थच नव्हता. इन्स्पेक्ट्रेसबाई तेव्हा शेजारच्या बाईंशी बोलत होत्या. पाहिलं कुणी? कुणीच नाही. मी आणि ताईसाहेब. दोघीच.

रावसाहेब खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "शब्द राखलात, बाई. शहाण्या आहात. थोडं लवकर झालं, पण ठीक. उद्यापासून तुमची जागा पक्की समजा."

तेव्हा मला कळलं काय झालं होतं ते. मी जिंकले होते आणि हुकूमही पाळला होता. दोन्ही. काही न बोलता परत गेले तर नोकरी कायम, फी माफ. आणि मनातल्या मनात मला ठाऊक राहिलं असतं की मी हरले नव्हते. इतकं सोयीचं आयुष्यात कधी काही झालं नव्हतं. मी मान हलवलीही. मला वाटतं, हलवली.

मग रावसाहेबांचा तोच कारकून वही घेऊन आला. सामन्याचा निकाल लिहून हरणाऱ्याची सही घ्यायची होती. त्याने बोट ठेवलं. "हितं करा, बाई."

मी वाचलं. मला वाचल्याशिवाय सही करता येत नाही, ती माझी सवय आहे. लिहिलं होतं: 'सामन्यात माझी हार झाली. वयोमानामुळे मी ड्रिल व व्यायाम शिकवण्यास असमर्थ आहे, हे मला मान्य आहे.' खाली माझं नाव, वळणदार अक्षरात.

मी नावावर बोट फिरवलं. शाई वाळलेली होती. पूर्ण वाळलेली. सामना संपून पाच मिनिटं झाली नव्हती.

म्हणजे हे लातुरातूनच लिहून आणलं होतं. मी पाडलं असतं, मी पडले असते, काहीही झालं असतं, माझ्या नावाने हेच वाक्य होतं. जे मी मनातल्या मनात ठेवून जगणार होते त्याला या वहीत जागा नव्हती. तुमच्या आईने, तिच्या मुलींनी, कुणीही विचारलं असतं तर या वहीने हेच सांगितलं असतं. आजी असमर्थ होती. तिने लिहून दिलंय.

मला काहीतरी वाटत होतं. आठ-नऊ वर्षांनी. सुखाचं नव्हतं ते.

"ही सही मी करणार नाही," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं असावं, कारण टाळ्या थांबल्या. "मी हरले नाही. ताईसाहेबांनी थाप मारली. नियमात थाप म्हणजे हार."

पंच पुढे आले. दुखावलेले दिसत होते. "बाई, तुमची पाठ लागली. म्या ह्या डोळ्यानं पाहिली. आता बापजाद्याचा कायदा मी बदलू का?"

"तुम्ही शिट्टी मारल्यावर त्या का थांबल्या नाहीत? जिंकलेलं माणूस पुढे खेळतं का? त्यांचं कोपर बघा."

इन्स्पेक्ट्रेसबाई उठून आल्या. त्यांनी ताईसाहेबांना विचारलं, "तुम्ही थाप मारली?"

ताईसाहेबांनी उजवं कोपर डाव्या हाताने पोटाशी धरलं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग रावसाहेबांकडे बघितलं.

"मला आठवत नाही," त्या म्हणाल्या.

मला त्यांचा राग आला नाही. ताईसाहेबांनाही हुकूम होता. त्यांच्या हुकमाला जिंकणं म्हणत होते, एवढाच फरक.

"बाई," रावसाहेब म्हणाले, आवाज गोड ठेवून, "वय झालं की माणसाला असे भास होतात. सही करा. पोरीचा विचार करा."

"पुन्हा खेळवा," मी म्हटलं.

"काय?"

"आत्ता, इथेच. पुन्हा खेळवा. पंच तेच असू देत. या वेळी त्यांना थाप बघायला सांगा. हरले तर मी स्वतःच्या अक्षरात लिहून देईन."

"आणि नाही खेळवलं तर?"

मी सतरंजीच्या मध्यावर गेले आणि बसले.

रावसाहेब हसले. पण या वेळी त्यांच्यासोबत फार जण हसले नाहीत. इन्स्पेक्ट्रेसबाईंनी घड्याळ बघितलं, निकाल पंचांचा असतो म्हणाल्या, आणि दौऱ्याला निघून गेल्या. रावसाहेब जाताना सगळ्यांसमोर म्हणाले, "उद्यापासून शाळेत यायची तसदी घेऊ नका." ताईसाहेब त्यांच्या मागून गेल्या. कनातीपाशी क्षणभर थांबल्या. मग गेल्या. बायका पांगल्या. ऊन उतरलं.

मी बसून होते. गुडघा फुगला होता. पाय लांब केला.

कारकून दोन गड्यांना घेऊन आला. सतरंजीची कड उचलून पाहिली. शेवटी म्हणाला, "बाई, उठा आता. सामान आवरायचं हाय. कोण येतंय खेळायला?"

"आज कुणी नाही येणार."

"मग?"

"पुढच्या वर्षीच्या मेळाव्याला माझं नाव घाल. तेव्हा मी चाळीस ओलांडलेली असेन. तुम्ही नाव खोडलंत तर त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा देईन. ताईसाहेब नाही आल्या तर जी येईल तिच्याशी खेळेन. कुणीच नाही आलं तर असंच येऊन बसेन."

"अन् हरलात तर?"

"हरेन की. चाळिशीतली बाई हरणारच कधीतरी. पण ते माझं मी हरेन. रावसाहेबांना सांग, बाईची हार आता त्यांच्या वहीत आधी लिहून ठेवता येणार नाही."

तो वही काखेत धरून उभा होता. मी हात पुढे केला. त्याने दिली. त्या वळणदार वाक्यावर मी उभी रेघ ओढली, आडवी रेघ ओढली, आणि खाली इंग्रजीत आणि मराठीत, दोन्हीत, लिहिलं: मान्य नाही.

त्याखाली माझी सही केली.